हजार एकरांचा इलाज

१९२८ सालच्या सुमाराला अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगांत दर तीन कैद्यांमागे जवळपास एक कैदी अमली पदार्थांच्या गुन्ह्यापायी आत आलेला होता. याचं मूळ १९१४ च्या हॅरिसन कायद्यात होतं. कागदावर तो कराचा कायदा होता. अफू, मॉर्फिन, कोकेन विकणाऱ्यानं नोंदणी करावी आणि कर भरावा, एवढंच त्यात म्हटलं होतं. मात्र १९१९ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की व्यसनी माणसाला नुसता त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरनं मॉर्फिन लिहून देणं हा वैद्यकीय उपचार नव्हे. डॉक्टरांनी हात आखडता घेतला. काही शहरांनी अशा लोकांसाठी दवाखाने काढून पाहिले. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला डॉ. विलिस बटलर यांनी असा दवाखाना चांगला चालवला होता. १९२३ मध्ये केंद्र सरकारच्या दडपणाखाली तोही बंद पडला. डॉक्टरचं दार बंद झालं, तेव्हा व्यसनी माणूस गल्लीतल्या विक्रेत्याकडे गेला आणि तिथून तुरुंगात.

तुरुंग तुडुंब भरले. व्यसनी कैद्यांचं करायचं काय, हे अधीक्षकांना कळेना. पेनसिल्व्हेनियाचे खासदार स्टीफन पोर्टर यांनी तोडगा सुचवला, की या लोकांसाठी सरकारनं वेगळ्या जागा बांधाव्यात, तिथं मोकळी हवा असावी, शेती असावी, काम असावं. जानेवारी १९२९ मध्ये पोर्टर कायदा झाला आणि व्यसनावरच्या उपचारासाठी अमेरिकेच्या केंद्रीय तिजोरीतून पहिल्यांदाच मोठी रक्कम बाहेर पडली. दोन जागा ठरल्या. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थची संस्था १९३८ मध्ये सुरू झाली. पहिली आणि मोठी होती केंटकी राज्यात लेक्सिंग्टन शहराबाहेर, शर्यतीच्या घोड्यांसाठी नावाजलेल्या गवताळ मुलखात. २५ मे १९३५ रोजी तिचं उद्घाटन झालं.

जमीन सुमारे हजार एकर, खाटा दीड हजारांच्या आसपास. नाव ‘युनायटेड स्टेट्स नार्कोटिक फार्म’, म्हणजे चक्क अमली पदार्थांचं शेत. पुढे ते बदलून सार्वजनिक आरोग्य सेवेचं इस्पितळ असं करण्यात आलं. गावकरी मात्र शेवटपर्यंत ‘नार्को’च म्हणत राहिले.

या संस्थेत जन्मापासून दोन जीव होते. खिडक्यांना गज आणि आत पांढऱ्या कोटातले सरकारी डॉक्टर. एका बाजूला शिक्षा भोगणारे कैदी, दुसऱ्या बाजूला आपणहून आलेले ‘स्वेच्छा रुग्ण’. दोघांचं जेवण, काम, झोपण्याची दालनं बऱ्याच अंशी सारखीच. पहिले प्रमुख डॉ. लॉरेन्स कोल्ब यांची ठाम धारणा होती, की व्यसनी माणूस मुळात आजारी आहे, त्याला गुन्हेगार समजणं चूक. त्या काळात असं उघडपणे म्हणायला धैर्य लागत होतं. सरकारनं मात्र त्यांच्या हाती दिलेली इमारत निम्मी तुरुंगाची होती.

नवा माणूस आला की आधी त्याला मॉर्फिनची उतरती मात्रा देत. आपल्याकडे व्यसनमुक्ती केंद्रांतली मुलं ज्याला ‘टर्की’ म्हणतात, ती अवस्था अशी निभावली जाई. अंग मोडून येणं, उलट्या, जुलाब, घाम, रात्र रात्र झोप नसणं, हे सगळं त्यात आलं. चाळिसच्या दशकाच्या अखेरीस मॉर्फिनच्या जागी मेथाडोन आलं. हे जर्मन औषध महायुद्धानंतर विजेत्यांच्या हाती पडलं होतं आणि डॉ. हॅरिस इझबेल यांनी ते लेक्सिंग्टनमध्येच तपासलं होतं. शरीर सावरलं, की माणूस कामाला लागे. कुणी गोठ्यात धारा काढी, कुणी डुकरं सांभाळी, कुणी शिवणखात्यात सरकारी कपडे शिवी, कुणी सुतारशाळेत खुर्च्या-टेबलं करी. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेला, आयुष्यात गाय न पाहिलेला पोरगा पहाटे उठून दूध काढतोय, यातच त्याचं बरं होणं आहे असं योजनाकारांना मनापासून वाटत होतं. शहरानं बिघडवलेलं शेत सुधारेल, ही त्या पिढीची श्रद्धा होती.

संध्याकाळी वाद्यं निघत. चाळीस-पन्नासच्या दशकांत हेरॉइननं जॅझच्या दुनियेला विळखा घातला होता, त्यामुळे अमेरिकेतले एकापेक्षा एक वादक लेक्सिंग्टनला येऊन गेले. चेट बेकर, एल्विन जोन्स, टॅड डॅमरन ही त्यातली काही नावं. सरावाला खोल्या होत्या, सभागृह होतं, आणि तिथल्या मैफली ऐकायला बाहेरून लोक येत. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स १९५५ मध्ये आपणहून दाखल झाले, बरे होऊन शिकागोला गेले, काही काळ साफसफाईची कामं केली आणि मग पुन्हा वाजवायला लागले. त्यानंतर त्यांनी केलेलं काम जॅझच्या इतिहासात पहिल्या रांगेत आहे. लेक्सिंग्टनचं नाव निघालं, की हे उदाहरण हमखास सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. बहुतेकांची गोष्ट मात्र अशी झाली नाही.

स्वेच्छा रुग्ण हवं तेव्हा निघून जाऊ शकत. डॉक्टर चार-सहा महिने राहा म्हणून सांगत, आणि बरेच जण टर्की उतरली की दोन-तीन आठवड्यांत सामान बांधत. त्यावर एक अजब उपाय निघाला. केंटकीच्या कायद्यात व्यसनी असणं हाच गुन्हा होता. वारंवार पळणाऱ्या रुग्णाला स्थानिक न्यायालयात उभं करत. तो स्वतःच गुन्हा कबूल करी, न्यायाधीश वर्षाची शिक्षा सुनावी, आणि डॉक्टर सोडतील तोवर इस्पितळात राहायची अट घाली. त्या मुलखातल्या निळसर गवतावरून रुग्णांनी याला ‘ब्लू ग्रास’ हे नाव दिलं होतं. बरं व्हायला आलेल्या माणसाला आधी गुन्हेगार म्हणून नाव नोंदवावं लागे. त्या इमारतीतला घोळ याहून स्पष्ट दिसणार नाही.

निकाल काय लागला, याचं उत्तर १९६२ मध्ये छापून आलं. लेक्सिंग्टनहून न्यूयॉर्कला परतलेल्या सुमारे १,९०० रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला होता. त्यातले ९० टक्क्यांहून अधिक पुन्हा व्यसनात गेले होते, आणि तेही बहुतेक सहा महिन्यांच्या आत. सत्तावीस वर्षं चाललेल्या सरकारी प्रयोगाचं हे प्रगतिपुस्तक.

हे असं का झालं, याचा धागा संस्थेतल्याच एका संशोधकाच्या हाती लागला होता. डॉ. एब्राहम विकलर गटउपचाराच्या बैठकांना बसत. महिनोन् महिने मॉर्फिनला न शिवलेली माणसं गप्पांच्या ओघात नशेचा विषय निघाला की जांभया देऊ लागत, नाकातून पाणी येई, डोळे पाझरत. शरीर स्वच्छ होतं, रक्तात काही नव्हतं, तरी टर्कीची लक्षणं जशीच्या तशी उमटत. विकलर यांनी यातून मांडलं, की व्यसन माणसाच्या भोवतालात रुजलेलं असतं. ती गल्ली, ते जिने, तो मित्र, सुई टोचायची ती वेळ, यातलं काहीही समोर आलं की शरीर जुनं मागणं मागतं. लेक्सिंग्टननं माणसाला शेकडो मैल दूर नेऊन बरं केलं आणि तिकीट काढून देऊन त्याच गल्लीत परत धाडलं. तिथं त्याची वाट पाहणारा दवाखाना नव्हता, नोकरी नव्हती, विचारपूस करणारं कुणी नव्हतं. सरकारचा पैसा संस्थेच्या फाटकापाशी संपत होता.

त्यात जिवाचा धोका होता. बरेच महिने नशा न घेतलेल्या शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वी जी मात्रा रोजची होती, तीच आता श्वास थांबवू शकते. म्हणून केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे ओव्हरडोसनं मरण्याच्या दृष्टीनं सर्वांत घातक असतात. नुसतं शरीर शुद्ध करून माणसाला सोडून द्यायचं, ही पद्धत म्हणूनच कुचकामी तर आहेच, शिवाय जीवघेणी आहे. आजही अनेक देशांत, आपल्याकडेही, ती बिनदिक्कत चालते.

नार्कोच्या आवारात आणखी एक संस्था नांदत होती, व्यसन संशोधन केंद्र. व्यसनाबद्दलचं आजचं वैद्यकीय ज्ञान घ्या, त्याचा मोठा हिस्सा इथून निघाला. टर्कीची तीव्रता मोजायची पहिली पद्धतशीर मोजपट्टी डॉ. क्लिफ्टन हिमेल्सबाख यांनी इथंच तयार केली. मेंदूत अफूजन्य द्रव्यं पकडणाऱ्या जागा एकाहून अधिक प्रकारच्या असतात, हे डॉ. विल्यम मार्टिन यांनी १९७६ मध्ये इथल्याच प्रयोगांवरून मांडलं. मेथाडोनची तपासणी इथली. अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणाऱ्या नाल्ट्रेक्सोनच्या सुरुवातीच्या मानवी चाचण्या इथल्या. ब्युप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक व्यसनावरचं औषध होऊ शकेल, हे डॉ. डोनाल्ड जॅसिन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये छापलं, तेही लेक्सिंग्टनच्या कैद्यांवरच्या निरीक्षणांतून. मुंबईतल्या सरकारी ओएसटी केंद्रावर, म्हणजे नशेऐवजी पर्यायी औषध देणाऱ्या केंद्रावर, कर्मचाऱ्याच्या देखत जिभेखाली ठेवायला मिळते ती गोळी याच ब्युप्रेनॉर्फिनची.

हे ज्ञान कैद्यांच्या शरीरांवर मिळवलेलं आहे आणि त्याची किंमत झाकून ठेवता येणार नाही. प्रयोगात भाग घेणाऱ्याला शिक्षेत सूट मिळे किंवा मोबदला म्हणून चक्क मॉर्फिन मिळे. त्याचा हिशेब खात्यावर जमा राही आणि हवं तेव्हा काढता येई. व्यसनातून सोडवायला आणलेल्या माणसाला त्याच्याच व्यसनाची मजुरी. पन्नासच्या दशकात गुप्तहेर संस्था सीआयएनं इझबेल यांच्या प्रयोगांना पैसा पुरवला, आणि एका प्रयोगात सात जणांना सलग ७७ दिवस एलएसडी देण्यात आलं. १९७५ मध्ये सिनेटच्या सुनावणीत हे सारं बाहेर आलं आणि कैद्यांवरचे प्रयोग थांबले. त्या माणसांनी संमतीच्या कागदावर सही केली होती, असं समर्थन तेव्हा झालं. मॉर्फिनसाठी तळमळणाऱ्या माणसासमोर मॉर्फिन ठेवून घेतलेल्या सहीला संमती म्हणता येत नाही.

लेक्सिंग्टनच्या अपयशातून सर्वांत महत्त्वाचा धडा एका तरुण डॉक्टरबाईंनी घेतला. मारी निस्वांडर यांना शल्यविशारद व्हायचं होतं. नौदलानं बाई म्हणून दार बंद केलं, सार्वजनिक आरोग्य सेवेनं त्यांना १९४५ मध्ये लेक्सिंग्टनला पाठवलं. रुग्णांना तिथं मिळणारी वागणूक पाहून त्या अस्वस्थ झाल्या. पुढे न्यूयॉर्कमध्ये व्यसनी लोकांवर उपचार करताना त्यांनी १९५६ मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्यात व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहा, असं ठासून सांगितलं. मग रॉकफेलर संस्थेतले डॉ. व्हिन्सेंट डोल त्यांना भेटले. दोघांनी मेथाडोन टर्कीपुरतं न वापरता मधुमेहाच्या इन्सुलिनसारखं रोज, दीर्घकाळ देऊन पाहिलं. १९६५ मध्ये २२ रुग्णांचा अहवाल आला. दिवसभर नशेमागे धावणारी माणसं शाळेत जायला लागली, कामावर रुजू झाली, घरी परतली. तीही आपल्या शहरात, आपल्या गल्लीत राहून.

सहा वर्षांनी हा विचार थेट राष्ट्राध्यक्षांच्या दालनात पोचला. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिक हेरॉइन ओढत असल्याच्या बातम्यांनी देश हादरला होता. १७ जून १९७१ रोजी रिचर्ड निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं. त्या दिवशीचं हे वाक्य सगळ्यांना आठवतं, पण त्याबरोबरचे आकडे फारसे कुणी सांगत नाही. निक्सन यांनी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे, १५ कोटी ५० लाख डॉलर जादा मागितले आणि त्यातले १० कोटी ५० लाख निव्वळ उपचार आणि पुनर्वसनासाठी होते. पोलिसांपेक्षा डॉक्टरांच्या वाट्याला जास्त पैसा, असं अमेरिकेत फार थोडा काळ घडलं, त्यातला हा एक. योजनेच्या प्रमुखपदी आले डॉ. जेरोम जॅफी. तरुणपणी तेही लेक्सिंग्टनला नोकरी करून गेले होते. दोन वर्षांत मेथाडोन घेणाऱ्यांची संख्या सत्तर हजारांच्या वर गेली.

सैनिकांचा पाठपुरावा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी केला. व्हिएतनाममध्ये साधारण पाचातला एक सैनिक व्यसनी झाला होता. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले फक्त पाच टक्क्यांच्या आसपास पुन्हा व्यसनात अडकले. लेक्सिंग्टनच्या ९० टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवला, की विकलर यांच्या जांभयांचा अर्थ उलगडतो. सैनिक नशेच्या जागेतून बाहेर पडून घरी आले होते. लेक्सिंग्टनचा रुग्ण घरी म्हणजे नशेच्या जागेत परत जात होता.

१९७४ मध्ये नार्को बंद झालं आणि इमारत तुरुंग खात्याकडे गेली. आज तिथं कैद्यांसाठीचं केंद्रीय वैद्यकीय केंद्र आहे. गल्लोगल्लीच्या दवाखान्यांचं युग सुरू होईल असं तेव्हा वाटलं होतं. १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन सरकारनं उपचारांचा केंद्रीय निधी राज्यांना एकगठ्ठा द्यायचं ठरवलं आणि तो सुमारे पाव हिश्शानं कमी केला. १९८६ च्या कायद्यानं कडक शिक्षा आणल्या. पैसा पुन्हा पोलीस आणि तुरुंगांकडे वळला.

केंटकीच्या पूर्व भागात डोंगर आहेत, कोळशाच्या खाणी आहेत, आणि पाठीचे मणके झिजलेले खाणकामगार आहेत. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन हे अफूजन्य वेदनाशामक बाजारात आणलं. या गोळीचं व्यसन लागण्याची शक्यता कमी आहे, असं तिच्या विक्रेत्यांनी डॉक्टरांना पटवलं. २००७ मध्ये कंपनीनं दिशाभूल केल्याची न्यायालयात कबुली दिली आणि ६० कोटी डॉलरहून अधिक दंड भरला. तोवर गोळ्या खेडोपाडी पसरल्या होत्या. पुढे गोळ्यांचा पुरवठा आवळला गेला तेव्हा लोक हेरॉइनकडे गेले, आणि मग हेरॉइनच्या पुडीत त्याहून कितीतरी जहाल फेंटॅनिल आलं. १९९९ मध्ये अमेरिकेत ओव्हरडोसनं सुमारे १७ हजार माणसं दगावली होती. २०२१ मध्ये एक लाख सहा हजारांहून अधिक. त्या वर्षी एकट्या केंटकीत २,२५० घरांत प्रेतं आली.

आणि औषध? ब्युप्रेनॉर्फिनची उपयुक्तता लेक्सिंग्टनमधून १९७८ मध्ये छापून आली होती. व्यसनावरचं औषध म्हणून मंजुरी मिळाली २००२ मध्ये. त्यातही डॉक्टरनं खास परवाना काढायचा आणि सुरुवातीला एका वेळी तीसच रुग्ण घ्यायचे. ऑक्सिकॉन्टिन लिहून द्यायला अशी मर्यादा नव्हती. तो खास परवाना रद्द व्हायला २०२२ चा डिसेंबर उजाडला. औषधाचा हा उपयोग सापडला त्याच राज्यातल्या माणसांना ते मिळू नये, याची चीड यायला हवी.

२०१६ च्या अखेरीस काँग्रेसनं या संकटाशी लढायला राज्यांसाठी दोन वर्षांत शंभर कोटी डॉलर मंजूर केले. २०१९ मध्ये लेक्सिंग्टनमधल्याच केंटकी विद्यापीठाला ८ कोटी ७० लाख डॉलरचं केंद्रीय अनुदान मिळालं. विद्यापीठाच्या इतिहासातलं ते सर्वांत मोठं. चार राज्यांतल्या ६७ गावं-जिल्ह्यांत मिळून सुमारे ३५ कोटी डॉलर खर्चून पाहायचं होतं, की ब्युप्रेनॉर्फिन-मेथाडोन, श्वास परत आणणारं नालोक्सोन आणि वेदनाशामकांचा जपून वापर हे सारं एकत्र राबवलं तर ओव्हरडोसचे मृत्यू ४० टक्क्यांनी घटतात का. जून २०२४ मध्ये निकाल छापून आला. घट दिसली ती ९ टक्के, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर तीही टिकली नाही.

या निकालावरून पैसा पाण्यात गेला असं म्हणणारे निघाले. तपशील पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. मोजमाप सुरू झालं तेव्हा अखेरीस राबवल्या गेलेल्या उपायांपैकी जेमतेम ३८ टक्के सुरू झाले होते. मध्ये कोविड आला होता आणि फेंटॅनिल सगळीकडे पोचलं होतं. औषधदुकान, तुरुंग, आपत्कालीन कक्ष, पोलीस ठाणं यांना एका दोरीत ओवायला एखादं वर्ष पुरत नाही. आणि केंटकीतले मृत्यू त्यानंतर खरोखरच उतरत गेले. २०२३ मध्ये ते दोन हजारांच्या खाली आले, २०२४ मध्ये १,४१०. त्यात कशाचा वाटा किती, यावर वाद आहे. पण फाटकाबाहेर गेलेला पैसा निदान माणसांच्या अंगणापर्यंत पोचू लागला होता.

आता नवा पैसा आला आहे, तो औषध कंपन्या आणि वितरकांशी झालेल्या तडजोडींचा. केंटकीच्या वाट्याचा आकडा ८० कोटी डॉलरच्या वर आहे. निम्मा राज्याचा, निम्मा जिल्हे आणि शहरांचा. राज्याच्या हिश्शाचं वाटप करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष ब्रायन हबर्ड यांनी २०२३ मध्ये प्रस्ताव मांडला, की यातले ४ कोटी २० लाख डॉलर इबोगेनच्या संशोधनाला द्यावेत. हे पश्चिम-मध्य आफ्रिकेतल्या एका झुडपाच्या मुळातलं द्रव्य. एका मात्रेत व्यसन सुटतं असे त्याचे दावे आहेत, आणि हृदयाची लय बिघडवून ते जीवही घेऊ शकतं. हेच इबोगेन १९५५ मध्ये इझबेल यांनी नार्कोतल्या आठ माणसांना देऊन पाहिलं होतं.

प्रस्तावाला विरोध झाला. अनेक जिल्ह्यांत ब्युप्रेनॉर्फिन लिहून देणारा डॉक्टर मिळत नसताना एवढी रक्कम एका शक्यतेवर लावायची का, हा विरोधकांचा प्रश्न रास्त होता. सिद्ध झालेलं औषध आधी गावात पोचावं, शोध त्याच्यामागून चालावा, हाच क्रम माणसं वाचवणारा आहे. राज्यात नवे महाधिवक्ता निवडून आले, हबर्ड यांना डिसेंबर २०२३ मध्ये पद सोडावं लागलं आणि प्रस्ताव बारगळला. हबर्ड तीच कल्पना घेऊन टेक्सासला गेले. तिथं जून २०२५ मध्ये गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी इबोगेनच्या चाचण्यांसाठी सरकारी तिजोरीतून पाच कोटी डॉलर देणाऱ्या कायद्यावर सही केली.